तीन नॉबांमागचं हवामान

१९३९ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पॅकार्ड कंपनीने एक गाडी मांडली. कारखान्यातूनच वातानुकूलन बसवून मिळणारी ही पहिली मोटार. हवा गार करणारी कॉइल मागच्या सीटच्या पाठीमागे डिकीत, कॉम्प्रेसर पुढे इंजिनाला लागून आणि दोघांना जोडणाऱ्या लांबलचक नळ्या. पंखा कमी-जास्त करायला एक बटण तेवढं होतं. गारवा किती हवा हे सांगायची सोय नव्हती. कॉम्प्रेसर थांबवायचा तर गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं आणि पट्टा हाताने उतरवायचा. गारवा तयार करणं माणसाला साधलं होतं, तो आटोक्यात ठेवणं अजून साधलं नव्हतं.

ती उणीव भरून काढायला पुढची पंचवीस वर्षं लागली. १९५४ मध्ये नॅश कंपनीने गरम आणि गार हवेची सगळी यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात एकत्र आणली आणि तिची सूत्रं डॅशबोर्डवर दिली. १९६४ च्या कॅडिलॅकमध्ये ‘कम्फर्ट कंट्रोल’ आला. हवं ते तापमान एकदा लावायचं, बाकीचं यंत्रणेने बघून घ्यायचं. आपल्याकडे तेव्हा आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं मुंबईच्या रस्त्यावरच्या फियाटमध्ये पुढच्या दारांना त्रिकोणी काचा असत. उकडलं की ती काच बोटाने ढकलून तिरकी करायची, वारा अंगावर यायचा. इच्छा आणि वारा यांच्यामध्ये एका काचेचा कोन, बस्स.

आज अनेक छोट्या गाड्यांत डॅशबोर्डच्या मधोमध तीन गोल नॉब असतात. एक तापमानाचा, एक पंख्याचा, एक हवेच्या दिशेचा. शेजारी एसीचं बटण आणि बाहेरची हवा घ्यायची की आतलीच फिरवायची हे ठरवणारी एक दांडी किंवा बटण. डावा हात जातो, नॉब फिरतो, नजर रस्त्यावरच राहते. हे पॅनेल स्वतः ना काही गार करतं, ना काही गरम. वीतभर रुंदीच्या या प्लॅस्टिकच्या तुकड्यात एक फार अवघड गोष्ट घडते. ‘उकडतंय’ ही माणसाच्या अंगाची जाणीव आहे. यंत्राला उकाडा कळत नाही. त्याला कळतो झडपेचा कोन, तारेतला रोध, व्होल्टचा आकडा. जाणिवेचा आकडा होतो तो इथे, या तीन नॉबांच्या मागे. आणि ते कसं होतं हे पाहायचं असेल तर पॅनेल एकदा काढून परत बसवण्यासारखा दुसरा मार्ग नाही.

बॅटरीपासून सुरुवात

पॅनेल बदलायची वेळ का येते? नॉबामागच्या दातेरी चाकाचा दात तुटतो, पंख्याच्या स्विचचे संपर्क जळतात, मागचे दिवे जातात आणि रात्री नॉब चाचपावे लागतात, केबल अडकवायचा प्लॅस्टिकचा कान मोडतो. गॅरेजमध्ये या भागाला कोणी ‘एसी पॅनेल’ म्हणतं, कोणी ‘हीटर कंट्रोल’. गाडी कोणतीही असो, कामाची सुरुवात मात्र डॅशबोर्डपासून लांब, बॉनेटखाली होते. दहाच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचं आणि थांबायचं.

हे थांबणं शिस्तीचा भाग म्हणून सांगितलं जातं, पण त्याचं कारण फार सुंदर आहे. डॅशबोर्डात एअरबॅग असते. अपघातात पहिल्याच धक्क्याला बॅटरीची तार तुटू शकते, म्हणून एअरबॅगच्या नियंत्रकात एक कपॅसिटर विजेचा थोडा साठा राखून ठेवतो. बॅटरी गेली तरी तेवढ्या साठ्यावर एअरबॅग उघडू शकावी. तोच साठा मिस्त्रीसाठी धोका ठरतो. तो विरून जायला काही मिनिटं लागतात, आणि नेमकी किती हे गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेलं असतं. आत काम करताना पिवळा कपलर, म्हणजे तारांचा जोड, दिसला की हात मागे घ्यायचा, कारण एअरबॅगच्या तारांना सहसा पिवळाच रंग असतो. आणि टर्मिनल काढण्याआधी आणखी एक गोष्ट: काही गाड्यांचा ऑडिओ वीज तुटली की सांकेतिक अंक मागतो. तो आधी शोधून ठेवलेला बरा.

आता डॅशबोर्डकडे यावं तर पहिला प्रश्न पडतो, हे उघडतं कुठून? स्क्रू एकही दिसत नाही. गाडी घडवणाऱ्यांनी ते मुद्दाम लपवलेले असतात. बाहेरची चौकट धातूच्या आणि प्लॅस्टिकच्या क्लिपांवर नुसती दाबून बसवलेली असते. नॉब बहुतेक वेळा सरळ ओढले की निघतात. त्यांच्यामागे किंवा ऑडिओच्या खाली स्क्रू सापडतात. कडेच्या फटीत प्लॅस्टिकची पट्टी सरकवून चौकट एकेका क्लिपेपाशी उचलायची. तिथे लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घातला तर ओरखडा कायमचा राहतो. भर उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकतो. अशी कित्येक उन्हाळ्यांची भट्टी सोसलेलं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं. ‘टक्’ असा आवाज आला तर क्लिप सुटली आणि ‘कड्’ असा आला तर मोडली. मुरलेला मिस्त्री हा फरक कानाने ओळखतो.

वीतभर पुढे येऊन अडलेलं पॅनेल

चौकट निघाली, ऑडिओ बाजूला झाला, पॅनेलचे स्क्रू काढले. पॅनेल सैल होतं, पुढे येतं आणि वीतभर येऊन थांबतं. कोणीतरी आतून धरून ठेवल्यासारखं. नवशिक्या इथेच जोर लावतो. एका गॅरेजमध्ये हे काम बघायला उभी होते तेव्हा माझाही हात पुढे गेला, आणि मिस्त्रींनी शांतपणे सांगितलं, “ओढू नका ताई, मागे केबल आहेत.” त्यांनी पॅनेल हलकेच तिरकं केलं, टॉर्च आत धरला, आणि मला पहिल्यांदा कळलं की तापमानाचा तो नॉब फिरवताना माझी बोटं इतकी वर्षं खरोखरच दूरच्या एका झडपेला स्पर्श करत होती. मध्ये वीज नव्हती, संगणक नव्हता. होती फक्त एक तार.

ही बाउडेन केबल. अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडेन यांनी १८९६ साली ब्रिटनमध्ये तिचं पेटंट घेतलं. सायकलच्या ब्रेकमध्ये ती सगळ्यांनी पाहिलेली असते. आत पोलादी तार, बाहेर वाकणारं पण दबून आखूड न होणारं आवरण. तिची करामत त्या आवरणात आहे. नुसती दोरी ओढली तर ती वळणावर सरळ व्हायला बघते. आवरणाची दोन्ही टोकं पक्की बांधली की आतल्या तारेला सरळ व्हायला जागाच उरत नाही, मग इकडचं ओढणं कितीही वळणं घेऊन जसंच्या तसं पलीकडे पोचतं. सायकलची तार फक्त ओढते, परत नेण्याचं काम स्प्रिंग करते. पॅनेलमागची तार मात्र एकेरी आणि ताठ असते. ती ओढतेही आणि ढकलतेही. नॉबामागचं दातेरी चाक तिला मागे-पुढे सरकवतं आणि दुसऱ्या टोकाला झडपेचा दांडा तेवढाच फिरतो.

म्हणून पॅनेल सोडवण्याआधी केबल कुठली, कुठल्या दांड्याला, आवरण कुठल्या क्लिपेत, हे नीट पाहून घ्यायचं असतं. कारखान्यात अनेकदा आवरणांना वेगवेगळे रंग दिलेले असतात ते याचसाठी. फोनने एक फोटो काढून ठेवला की परत बसवताना तोच नकाशा होतो. मग क्लिप दाबून आवरण मोकळं करायचं, तारेच्या टोकाचं कडं खुंटीवरून उचलायचं, कपलरांची कुलुपं दाबून ते सोडवायचे. तारा धरून कपलर कधीच ओढायचा नाही. आता पॅनेल हातात येतं. आश्चर्य वाटावं इतकं ते हलकं असतं.

गार करून मग गरम

पॅनेलच्या रिकाम्या जागेतून टॉर्च मारला की आत एक मोठी काळी प्लॅस्टिकची पेटी दिसते. गाडीतलं सगळं हवामान तिच्यात घडतं. पुढच्या काचेच्या पायथ्याशी जाळी असते, तिथून बाहेरची हवा आत येते. आपल्याकडच्या गाड्यांत ब्लोअर बहुधा डावीकडे, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. तो हवा पेटीत ढकलतो. पेटीत हवेला आधी भेटते कूलिंग कॉइल. तिच्यानंतर हीटर कॉइल, जिच्यातून इंजिनाचं ९० अंशांच्या आसपासचं गरम पाणी फिरतं. या दोघींच्या मध्ये एक झडप, आणि तापमानाच्या नॉबाची केबल येऊन पोचते ती या झडपेवर.

इथे पहिलं नवल दडलेलं आहे. तापमानाचा नॉब फिरवल्याने कूलिंग कॉइल जास्त गार होत नाही, की हीटर कॉइल जास्त तापत नाही. झडप फक्त एवढंच ठरवते की गार होऊन आलेल्या हवेपैकी किती हवा हीटर कॉइलमधून जाईल आणि किती तिला वळसा घालून. पुढे दोन्ही प्रवाह एकत्र मिसळतात. आंघोळीच्या कढत पाण्यात विसण घालताना आपण चुलीचा जाळ कमी करत नाही, तपेलीत गार पाणी ओततो. तसंच हे आहे, आणि त्याचा फायदाही तोच: परिणाम लगेच हाताला लागतो. इंजिनाचं पाणी निवायला वेळ लागेल, झडप मात्र क्षणात फिरते. काही गाड्यांत गरम पाण्याच्या वाटेवर वेगळी तोटीही असते, पण शेवटचा हिशेब मिसळण्याचाच.

मग कूलिंग कॉइल आधी आणि हीटर कॉइल नंतर हा क्रम का? ज्यांनी जुलैत आंबोली किंवा वरंध घाट चढला आहे त्यांना याचं उत्तर अनुभवाने ठाऊक आहे, कारण कदाचित नसेल. पावसात काचेवर आतून धुकं चढतं. पुसलं की परत चढतं. अशा वेळी जाणते चालक एसी लावतात आणि तापमानाचा नॉब गरमकडे नेतात. ऐकायला हे उलटसुलट वाटतं. पण ३० अंशांची पूर्ण ओली हवा एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरते आणि ५ अंशांची हवा जेमतेम ७ ग्रॅम. कूलिंग कॉइलवरून जाताना हवा गारठते, तिला बाष्प पेलवत नाही, ते कॉइलच्या पत्र्यांवर थेंबांनी उतरतं आणि नळीवाटे गाडीखाली टपकतं. आता ती हवा कोरडी झाली. मग तिला हीटर कॉइलवर ऊब दिली की तिची तहान वाढते, आणि काचेवरचं धुकं ती पिऊन टाकते. क्रम उलटा असता, आधी गरम आणि मग गार, तर काचेवर गारठलेली, बाष्पाने काठोकाठ भरलेली हवा आली असती. धुक्याशी झुंजायला ती निरुपयोगी. दोन कॉइलींचा नुसता क्रम घाटातल्या चालकाला रस्ता दाखवतो.

त्याच कारणाने पावसात आतली हवा फिरवण्याचं बटण बंद ठेवावं. प्रवाशांच्या श्वासातून आणि ओल्या कपड्यांतून आलेली वाफ आतच घुटमळत राहते. उन्हाळ्यात, कोंडीत, धुरात मात्र तेच बटण वरदान, कारण एकदा गार झालेली हवा पुन्हा गार करायला कष्ट कमी पडतात. लांबच्या प्रवासात ते सतत लावून ठेवलं तर कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पेंग येते, म्हणून अधूनमधून बाहेरची हवा आत घेणं चांगलं.

पंख्याचे चार वेग

पंख्याच्या नॉबाचं तंत्र वेगळं. त्याला केबल नसते, जाड तारांचा कपलर असतो. साध्या गाडीत ब्लोअरच्या मोटारीला पूर्ण १२ व्होल्ट दिले की ती पूर्ण वेगाने फिरते आणि पंधरा-वीस अँपिअर प्रवाह खाऊ शकते. वेग कमी करायचा तर वाटेत रोध उभा करायचा. त्यासाठी तारेची छोटी वेटोळी असलेला ‘ब्लोअर रेझिस्टर’ असतो. पहिल्या वेगाला प्रवाह सगळ्या वेटोळ्यांतून जातो, दुसऱ्याला थोड्या कमी, आणि चौथ्याला रेझिस्टरला पूर्ण वळसा घालून थेट मोटारीत.

रोध म्हणजे उष्णता. रेझिस्टर इतका तापतो की तो बंद जागेत ठेवला तर आसपासचं वितळेल. म्हणून तो बसवतात थेट हवेच्या प्रवाहात, ब्लोअरच्या तोंडासमोर. ज्या पंख्याला तो आवरतो, तोच पंखा त्याला गार ठेवतो. ही जोडी बघितली की मला ती घडवणाऱ्याच्या हुशारीचं फार कौतुक वाटतं. वर त्यात एक उष्णतेने वितळणारा फ्यूजही असतो, म्हणजे पंखा अडकून हवा थांबली तर रेझिस्टर स्वतःच मार्ग तोडतो.

हे समजलं की एक नेहमीचं कोडं सुटतं. पंखा फक्त शेवटच्याच वेगावर चालतो, खालचे तीन वेग मेलेले. लोक पॅनेल बदलायला निघतात. पण चौथा वेग रेझिस्टरला वगळून जातो, म्हणजे दोष बहुधा रेझिस्टरमध्ये आहे आणि पॅनेल निर्दोष आहे. याउलट स्विचच्या मागचा कपलर तपकिरी पडला असेल, जळल्याचा वास येत असेल, तर संपर्क सैल होऊन तिथेच उष्णता तयार होत आली आहे. तेव्हा नवं पॅनेल जुन्या, करपलेल्या कपलरला जोडून उपयोग नाही. सैल संपर्क नव्या स्विचलाही तसाच जाळेल. कपलरही बदलायचा. आणि मुळात ब्लोअर जास्त प्रवाह का ओढतोय, त्यात पालापाचोळा तर अडकला नाही ना, हेही बघायचं.

एसीच्या बटणाची गोष्ट

पॅनेल काढताना बहुतेकांना भीती वाटते की गॅस तर जाणार नाही ना. जात नाही. गॅसच्या नळ्या त्या काळ्या पेटीच्या आत आणि पलीकडे, बॉनेटखाली असतात. पॅनेलशी त्यांचा संबंध फक्त तारांमधून येतो. तरीही त्या पेटीत काय चाललंय हे जाणून घेण्यासारखं आहे. आपल्या गाड्यांत ‘गॅस’ म्हणून सर्रास असलेला आर-१३४ए हा द्रव मोकळ्या हवेत उणे २६ अंशांनाच उकळतो. कूलिंग कॉइलमध्ये त्याला सुमारे तीन बार दाबाखाली ठेवतात, म्हणजे तो शून्य अंशाच्या आसपास उकळतो. आपल्या गुडघ्यांसमोर, प्लॅस्टिकच्या एका भिंतीपलीकडे, एक द्रव बर्फाच्या तापमानाला खळखळत उकळत असतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता आपल्याभोवतीच्या हवेतून उचलत असतो. याआधीचा आर-१२ ओझोनच्या थराला मारक ठरतो हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवलं. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो गाड्यांतून हद्दपार झाला.

एसीचं बटण दाबलं की कॉम्प्रेसर सुरू होतो, असं आपण समजतो. बऱ्याच गाड्यांत बटणाकडून जाते ती केवळ मागणी, आणि ती पोचते इंजिनाच्या संगणकाकडे. गॅसचा दाब पुरेसा आहे का, फार जास्त तर नाही ना, कूलिंग कॉइल गोठण्याच्या बेतात आहे का, इंजिन खूप तापलंय का, चालकाने ओव्हरटेक करायला पाय पूर्ण दाबलाय का, हे सगळं तपासून संगणक कॉम्प्रेसरच्या चुंबकी क्लचला वीज देतो. वाढीव ओझ्याने गाडी बंद पडू नये म्हणून इंजिनाचा वेगही किंचित वाढवतो. कॉइल गोठू देत नाहीत, कारण बर्फाने पत्र्यांमधल्या फटी बुजल्या की हवेची वाटच बंद होते. म्हणून बटणाचा दिवा लागतो आणि गारवा येत नाही, तेव्हा ‘बटण बिघडलं’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो. मागणी पोचली असेल आणि विचारपूर्वक नाकारली गेली असेल.

उन्हाची दिशा ओळखणारं पॅनेल

इथवर पाहिलं ते हाताने फिरवायच्या नॉबांचं पॅनेल. स्वयंचलित पॅनेलमध्ये केबल नसतात. ‘२४’ हा आकडा लावायचा, बस्स. पण माणसाला २४ अंश कसे वाटतात हे फक्त हवेवर अवलंबून नाही. अंगावर ऊन असेल तर तेच २४ अंश जाचतात. म्हणून डॅशबोर्डवर, काचेच्या पायथ्याशी, एक छोटा काळा घुमट असतो. त्यात प्रकाश मोजणारा फोटोडायोड असतो. काही गाड्यांत तो ऊन उजवीकडून येतंय की डावीकडून हेही ओळखतो आणि त्या बाजूच्या प्रवाशाला थोडी जास्त गार हवा मिळते. बाहेरचं तापमान पुढच्या बंपरमागचा संवेदक सांगतो. आतलं तापमान मोजायची तऱ्हा तर विलक्षण आहे. पॅनेलवर किंवा त्याच्या जवळ बारीक भोकांची एक जाळी असते, तिच्यामागे थर्मिस्टर असतो, ज्याचा रोध उष्णता वाढली की घटतो. तो नुसता बसवला तर तापलेल्या डॅशबोर्डचंच तापमान सांगेल. म्हणून एक बारीकशी नळी किंवा इवलासा पंखा केबिनमधली हवा सतत त्याच्यावरून ओढत राहतो. यंत्र अक्षरशः श्वास घेऊन बघतं की आत कसं वाटतंय. पॅनेल बदलताना ही नळी परत जोडायची राहून गेली तर नवं कोरं पॅनेलही चुकीचंच वागेल.

इथे झडपा फिरवतात छोट्या मोटारी. नवं पॅनेल बसवून बॅटरी जोडली की काही गाड्यांत डॅशबोर्डमधून थोडा वेळ कुरकुर-खटखट ऐकू येते. मोटारी एकेक झडप या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन ‘पूर्ण बंद’ आणि ‘पूर्ण उघडं’ म्हणजे नेमकं कुठे, हे शिकून घेत असतात. तेवढा वेळ बटणांना हात लावायचा नाही. असं पॅनेल विकत घेताना आकार आणि कपलर जुळला एवढ्यावर भागत नाही. एकाच गाडीच्या वेगवेगळ्या प्रकारांत दिसायला सारखी पण आतून निराळी पॅनेलं असतात, म्हणून मागच्या चिकटपट्टीवरचा भाग-क्रमांक जुळवायचा. काही पॅनेलांना गाडीच्या संगणकाशी स्कॅनरने ओळखही करून द्यावी लागते.

परत बसवताना

केबलचं पॅनेल काढण्यापेक्षा बसवण्यात कसब जास्त लागतं, आणि ते बहुतेक केबलच्या जोडणीत असतं. तापमानाचा नॉब पूर्ण गारकडे फिरवायचा. पेटीवरचा झडपेचा दांडा बोटाने पूर्ण गारच्या टोकाला नेऊन तिथेच धरायचा. मग तारेचं कडं खुंटीवर घालायचं आणि शेवटी आवरण क्लिपेत बसवायचं. हा क्रम पाळला की नॉबाचं टोक आणि झडपेचं टोक एकमेकांशी जुळतं. आवरण थोडं पुढे-मागे बसलं तर नॉब गारवर असूनही झडप जराशी उघडी राहते, हीटरची ऊब गारव्यात झिरपत राहते, आणि मालक महिनोनमहिने ‘गॅस कमी झालाय’ म्हणून गॅस भरत राहतो. दोष सगळा त्या बारीकशा फटीचा. दिशेच्या केबललाही हाच नियम, फक्त तिचं टोक कुठलं हे पुस्तिकेत पाहायचं.

पॅनेल आत ढकलण्यापूर्वी सगळं तपासायचं. नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला की दोन्ही टोकांना झडप आदळल्याचा मऊ धप्प आवाज यायला हवा. मध्ये कुठे अडायला नको, केबलला कुठे टोकदार वळण नको. बॅटरी जोडून चारही वेग, तिन्ही दिशा, दिवे आणि एसी पाहून घ्यायचं. मगच स्क्रू. प्लॅस्टिकमध्ये जाणारा स्क्रू घट्ट करण्याआधी उलटा फिरवायचा. एका ठिकाणी तो किंचित खाली बसल्याचं जाणवतं, तो जुना आटा. तिथून सुलट आवळला की प्लॅस्टिक नव्याने कापलं जात नाही आणि पुढच्या वेळी काढणाऱ्यालाही तो आटा शाबूत मिळतो. ही सवय असलेला मिस्त्री भेटला तर त्याचं गॅरेज सोडू नये.

बिघाडातही ठरलेली दिशा

या सगळ्यात मला सर्वांत भावलेली गोष्ट मात्र अमेरिकन गाड्यांच्या एका जुन्या पद्धतीतली आहे. तिथल्या कित्येक मोटारींत आणि ट्रकांत हवेच्या दिशेच्या झडपा ना केबलने फिरत, ना मोटारीने. इंजिन हवा आत ओढताना जी पोकळी तयार करतं, तिचाच उपयोग करत. पॅनेलपासून बारीक रंगीत नळ्या निघत, त्या रबरी पडद्याच्या डब्यांपर्यंत जात, पोकळी पडदा ओढे आणि पडदा झडप. लांब चढणीवर इंजिन जोर लावू लागलं की पोकळी कमी पडे. नळीला चीर गेली तर ती नाहीशीच होई. अशा वेळी स्प्रिंग झडपांना एका ठरलेल्या जागी ढकलून देत.

कुठल्या जागी, हे कागदावर आधीच कोणीतरी ठरवलेलं होतं. चेहऱ्यावर नाही, पायांवर नाही. हवा पुढच्या काचेकडे जाई. चालक मग तक्रार करे की तोंडावर वारा येत नाही, एसी बिघडला. ते खरंही होतं. पण चालकाची इच्छा झडपेपर्यंत पोचवणारा दुवा तुटल्यावर त्याला सर्वांत जास्त कशाची गरज असेल, याचा विचार त्या अभियंत्यांनी करून ठेवला होता. अंगाला उकडलं तर सोसता येतं, रस्ता दिसला नाही तर गाडी चालवता येत नाही. पॅनेल काम करतं तेव्हा ते आपलं ऐकतं. त्याचं काही चालेनासं होतं तेव्हाही आपल्यासाठी काय आधी जपायचं, हे त्यामागच्या माणसाने ठरवून ठेवलेलं असतं. एवढ्यासाठी तरी ते एकदा उघडून बघावं.